चंद्रावरची संकष्टी

चंद्रावर राहणाऱ्या माणसाने संकष्टी चतुर्थीचा उपवास कधी सोडावा?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पृथ्वीवर चंद्र उगवतो, लोक त्याचे दर्शन घेतात आणि मग पाने वाढली जातात. पण चंद्रावर चंद्र उगवत नाही. तो पायाखाली असतो. उगवायचे तर त्याला आधी मावळावे लागेल, आणि तो मावळायला निघाला तर आपणही त्याच्याबरोबरच जाणार. वसाहत उभारणाऱ्या मोठ्या माणसांनी याचा विचार करायला हवा होता. पण हवा, पाणी आणि वीज यांच्या काळजीत ते इतके बुडाले होते की संकष्टी कुणाच्या लक्षातच आली नाही. ती लक्षात आली शाल्मली दातारच्या, आणि तीही संध्याकाळी, पोटात कावळे ओरडायला लागल्यावर.

शाल्मली अकरा वर्षांची. तिची वसाहत 'वादळांचा महासागर' नावाच्या मैदानावर होती. नाव भारदस्त असले तरी तिथे वादळ नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. जुन्या काळच्या लोकांना दुर्बिणीतून काळपट डाग दिसले, त्यांना ते समुद्र वाटले, आणि नाव तसेच राहिले. तिचे आईबाबा चंद्राच्या पलीकडच्या बाजूला एक मोठी दुर्बीण बसवायच्या कामावर गेले होते. घरात ती आणि तिचे आजोबा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा वसाहतीचे डॉक्टर होते. शरीरातल्या ग्रंथी हा त्यांचा अभ्यासाचा विषय, पण स्वभावाने इतके भिडस्त की रोग्याला जीभ दाखवायला सांगण्याआधी ते "माफ करा हं" म्हणत.

शाल्मलीची दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा होती. गणिताची नव्हे, बाहेर जाण्याची.

तुम्हाला वाटेल, चंद्रावर राहणारी मुले रोज चंद्रावर उड्या मारत असतील. तसे नसते. ती जमिनीखालच्या खोल्यांत राहतात, शाळेत जातात, भांडतात, झोपतात. दाराबाहेर हवा नाही. म्हणून बाहेर पाऊल टाकायचे तर चांद्रपोशाख घालावा लागतो, आणि त्याआधी परीक्षा द्यावी लागते. पोशाख तुमच्या छातीचे ठोके मोजतो, घाम तपासतो आणि कपाळावरच्या दिव्यातून निकाल सांगतो. हिरवा दिवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे जरा थांबा. लाल लागला तर दार उघडतच नाही, कारण घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो आणि टाकीतला प्राणवायू लवकर संपवतो.

शाल्मलीचा मागच्या खेपेस लाल दिवा लागला होता. उद्याची संधी शेवटची, कारण पुढच्या आठवड्यात दातार कुटुंब पृथ्वीवर परतणार होते. तिथल्या वर्गात कुणीतरी विचारणारच, "चंद्रावर चालताना कसं वाटतं गं?" आणि तिला सांगावे लागणार, "माहीत नाही. मी खिडकीतून बघितला."

या उत्तराच्या धास्तीने तिने पास होण्यासाठी संकष्टी धरली होती, तीही कडक. दिवसभर फक्त चहा.

संध्याकाळी ती जेवणघरात गेली आणि तिने पान वाढायला सांगितले. जेवणघर मात्र जमिनीच्या वर होते आणि त्याला मोठी खिडकी होती. तिथे वाढपीबुवा होते. वाढपीबुवा म्हणजे यंत्रमानव. चार हात, पोटावर स्टीलची टाकी, डोक्यावर फेट्यासारखी गुंडाळलेली तार. चंद्रावर येण्याआधी त्यांनी मिरजेच्या एका मंगल कार्यालयात अनेक वर्षे पंगती वाढल्या होत्या. तिथले सगळे नियम त्यांच्या डोक्यात पक्के बसले होते. नेहमीच्या दिवशी जेवणाऱ्याला आग्रह करून करून बेजार करायचे, आणि उपवासाच्या दिवशी नियमाबाहेर शीतही वाढायचे नाही.

वाढपीबुवांनी नम्रपणे विचारले, चंद्रोदय झाला का?

शाल्मलीने खिडकीकडे पाहिले. घड्याळात संध्याकाळ होती, पण बाहेर चक्क भर दुपार होती. चंद्रावरचा दिवस पृथ्वीवरच्या जवळजवळ दोन आठवड्यांइतका चालतो, त्यामुळे तिथे घड्याळाचे आणि सूर्याचे कधी जमत नाही. काळ्याभोर आकाशात पृथ्वीची बारीक निळी कोर लटकत होती. तीही नेहमीच्याच जागी. वसाहतीवरून पाहिले तर पृथ्वी उगवत नाही की मावळत नाही. भिंतीवरच्या तसबिरीसारखी ती एकाच ठिकाणी असते आणि तिथल्या तिथे कलेकलेने बदलते.

तिने पुण्याच्या चंद्रोदयाची वेळ चालेल का, असे विचारून पाहिले. वाढपीबुवांचे म्हणणे पडले की पंचांगात प्रत्येक गावाची वेळ वेगळी दिलेली असते, पुण्याची पुण्याला आणि मिरजेची मिरजेला. या गावाची वेळ पंचांगात नाही, तेव्हा डोळ्यांनी बघूनच ठरवावे लागेल. तोवर त्यांनी तिच्यासमोर आणखी एक पेला चहा ठेवला. चहा उपवासाला चालत होता, त्यामुळे आग्रह करायची सकाळपासूनची सगळी हौस त्यांनी चहावर भागवली होती.

अण्णांनी डॉक्टर या नात्याने मध्ये पडून पाहिले. वाढपीबुवांनी विचारले की मुलगी आजारी आहे असे डॉक्टरांचे म्हणणे आहे का. तसे असेल तर नियम मोडता येतो आणि लगेच पेज वाढता येते. अण्णा हो म्हणणार इतक्यात शाल्मलीने त्यांची बाही ओढली. आजारी माणसाला परीक्षेला बसता येत नाही. आणि खरे सांगायचे तर तिलाही उपवास मोडायचा नव्हता. मोडला तर उद्या नक्की लाल दिवा लागणार, असे तिच्या मनाने घेतले होते.

तेवढ्यात घारपुरेकाका आले. पोशाख आणि दारे त्यांच्या ताब्यात होती, आणि उद्याचे परीक्षकही तेच. माणूस प्रेमळ, फक्त आवाज मोठा. सकाळपासून ते दिसेल तिथे शाल्मलीला घाबरू नकोस म्हणून सांगत होते. आता त्यांनी रंगीत तालीम करू या म्हणून तिच्या अंगात पोशाख चढवला.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "अजिबात घाबरायचं नाही. शेवटचीच संधी आहे, पण म्हणून घाबरायचं नाही. घाबरलीस का?"

दिवा लाल झाला.

शाल्मलीचे हात थरथरत होते, तळवे ओले झाले होते आणि छातीत धडधडत होते. ती घारपुरेकाकांवर चिडली, मग वाढपीबुवांवर चिडली, मग आपण चिडलो म्हणून रडायला लागली. काकांनी घाईघाईने खिशातून एक डबी काढली. पृथ्वीवरून मुद्दाम मागवलेले ग्रंथीबलवर्धक चूर्ण. डबीवर लिहिले होते की दगदगीने थकलेल्या ग्रंथींना ते ताजेतवाने करते.

अण्णांनी डबी हातात घेतली, चष्मा वर करून वाचली आणि हळूच खाली ठेवली.

"माफ करा हं," ते म्हणाले, "पण हिची ग्रंथी थकलेली नाही. ती सकाळपासून राबते आहे. आपणच तिला बसू देत नाही."

शाल्मलीने नाक पुसत विचारले, कुठली ग्रंथी?

अण्णांनी सांगितले की आपल्या पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, दोन मूत्रपिंडे असतात. त्या प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखी एक छोटी ग्रंथी बसलेली असते. ती अधिवृक्क ग्रंथी (वृक्क म्हणजे मूत्रपिंड, त्याच्या वर बसलेली ती अधिवृक्क). उजवीकडची टोपी साधारण त्रिकोणी, डावीकडची चंद्रकोरीसारखी.

वाढपीबुवांनी मान वळवून विचारले, ती कोर उगवली आहे का? अण्णांनी ओशाळून सांगितले की ती पोटातच असते. वाढपीबुवा पुन्हा चहाकडे वळले.

पण अण्णांना त्यावरून काहीतरी सुचले असावे. त्यांनी सगळ्यांना टेबलाशी बसवले. शाल्मलीसमोर रिकामे ताट ठेवले आणि वाढपीबुवांच्या हातात चमच्यांनी भरलेले पातेले दिले. शाल्मली म्हणजे शरीर, वाढपीबुवा म्हणजे अधिवृक्क ग्रंथी आणि घारपुरे म्हणजे मेंदू, असे ठरले. आयुष्यात प्रथमच कुणीतरी आपल्याला मेंदू म्हटले याचा घारपुऱ्यांना एवढा आनंद झाला की ते ताठ बसले.

"ग्रंथी स्वतःच्या मनाने काही वाढत नाही," अण्णा म्हणाले. "मेंदू हुकूम देतो, ती वाढते. समोर वाघ आहे, परीक्षा आहे की पोट रिकामं आहे, यातलं तिला काही कळत नाही. तिला फक्त 'वाढ' एवढंच कळतं."

मग एकेक हुकूम सुरू झाला. पहिला भुकेचा. आपल्या रक्तात साखर असते आणि मेंदूचे काम मुख्यतः तिच्यावर चालते. बराच वेळ खाल्ले नाही की ती उतरायला लागते आणि मेंदूला काळजी वाटते. घारपुरे गरजले, "वाढ." वाढपीबुवांनी ताटात चमचे टाकले. ग्रंथीही असेच संप्रेरक सोडते (संप्रेरक म्हणजे रक्तातून निरोप नेणारे रसायन). निरोप यकृताला पोचतो. यकृत साठवलेली साखर बाहेर काढते आणि वेळ निभावते.

दुसरा हुकूम भीतीचा. शेवटची संधी, घाबरू नकोस, असे दिवसभर ऐकले की मेंदूला वाटते, ज्या अर्थी सगळे एवढे सांगताहेत त्या अर्थी घाबरण्यासारखे काहीतरी नक्की असणार. हे ऐकून घारपुरे थोडे खजील झाले, पण मेंदूचे काम त्यांनी सोडले नाही. पुन्हा चमचे पडले.

तिसरी गोष्ट चहा. चहातले कॅफिन ग्रंथीला मागून टोचत राहते, वाढ, वाढ. मोठ्यांना एखादा कप सोसतो. लहान पोटात, तेही रिकाम्या, पेल्यामागून पेला गेला तर धडधड वाढणारच. वाढपीबुवांनी चौथ्या हातातली किटली पाठीमागे लपवली.

आता ताटातून चमचे खाली पडू लागले होते. चंद्राची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे ते विचार करत करत पडत होते.

अण्णा आता खुर्चीच्या टोकावर आले होते. आपण किती बोलतो आहोत हे त्यांच्या लक्षातही नव्हते. ग्रंथीकडे दोन पळ्या असतात, ते म्हणाले. ग्रंथीच्या आतल्या गाभ्यातून अॅड्रेनलिन निघते. ती झटपट वाढणारी पळी. क्षणात ठोके वाढतात, तळहात घामेजतात, अंग पळायला तयार होते. बाहेरच्या सालीतून कॉर्टिसॉल निघते. ती सावकाश वाढणारी पळी, पण तिचे काम जास्त वेळ टिकते. ती साखर पुरवते, रोज सकाळी आपल्याला अंथरुणातून उठायला मदत करते. दोन्ही पळ्या चांगल्या आहेत. त्या नसत्या तर वाघासमोर माणूस जांभई देत उभा राहिला असता.

"मग बिघडतं कुठे?" शाल्मलीने विचारले. तिचे रडणे केव्हाच थांबले होते.

"पंगतीत पुरे झालं की तू काय करतेस?"

शाल्मलीने दोन्ही हात ताटावर आडवे धरले. वाढपीबुवांचा हात वरच्या वर थांबला. घारपुरेही हुकूम द्यायचे थांबले.

अण्णांनी सांगितले की शरीरातही हेच होते. रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल आले की मेंदूला ते समजते आणि तो हुकूम मागे घेतो. ताटावर आडवा हात. वाघ गेला, जेवण झाले, झोप लागली, की सगळे शांत. पण रोज जेवण चुकवले, रोज जागरण केले, रोज कसली ना कसली धास्ती बाळगली, तर हात आडवा करायला सवडच मिळत नाही. पंगत उठतच नाही. मग झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, अभ्यास डोक्यात राहत नाही. लोक म्हणतात ग्रंथी थकली. कधीकधी ग्रंथीला खरेच आजार होतो आणि ती वाढेनाशी होते, पण तो क्वचित होणारा आजार आहे. तो रक्त तपासून कळतो आणि त्याला डॉक्टरांचे औषध लागते, चूर्ण नाही. बाकीच्यांच्या ग्रंथीला बलवर्धक नको असते. वेळेवर जेवण हवे, त्यात डाळ, कडधान्य, भाजी, फळ हवे. 'क' जीवनसत्त्वाचा तर ही ग्रंथी स्वतःजवळ मोठा साठा ठेवते, आणि ते शरीराला स्वतः बनवता येत नाही, पेरू, आवळा, ढोबळी मिरची यांतून खावे लागते. आणि झोप हवी.

"म्हणजे मी पास व्हावं म्हणून जे जे केलं," शाल्मली सावकाश म्हणाली, "त्यानेच लाल दिवा लागला."

अण्णांनी हो म्हटले नाही. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले की मोठी, धडधाकट माणसे एखादा दिवस उपवास करतात आणि त्यांचे शरीर ते निभावून नेते. पण वाढत्या वयात, दिवसभर चहावर, धास्ती घेऊन आणि कधीच न उगवणाऱ्या चंद्राची वाट पाहत, हे जरा जास्त होते.

सगळे पटले. तरी पान काही वाढले गेले नव्हते. वाढपीबुवा चमचे गोळा करून खिडकीशी गेले होते आणि क्षितिजाकडे डोळे लावून उभे होते.

शाल्मलीने त्यांच्याकडे पाहिले. मग ती उठली. जेवणघरातल्या हातपुसण्यांच्या गठ्ठ्यावर, त्या उडू नयेत म्हणून, एक दगड ठेवलेला असे. तो तिने उचलला, खिडकीखाली बसली आणि दगड हळूहळू वर नेऊ लागली. काचेच्या खालच्या कडेवरून तो दिसू लागला, मैदानापर्यंत आला, आणि क्षितिजाची रेघ ओलांडून काळ्या आकाशात वर गेला.

"वाढपीबुवा," ती खालूनच म्हणाली, "चंद्र उगवला."

वाढपीबुवांनी बराच वेळ निरखून पाहिले. त्यांच्या डोळ्यांना खनिजे ओळखता येत असत. दगड चंद्राचाच आहे हे त्यांनी मान्य केले. क्षितिजाच्या वर आला हेही मान्य केले. पण शंका राहिलीच. हा पूर्ण चंद्र नव्हता.

"चतुर्थीला पूर्ण चंद्र कुठे असतो?" शाल्मलीने विचारले.

वाढपीबुवांच्या पोटात कसलीशी घरघर झाली. मग त्यांनी चारही हात दगडाला जोडले आणि पान वाढायला घेतले.

गरम वरणभात, मटकीची उसळ, वसाहतीच्या काचघरात पिकलेल्या ढोबळी मिरचीची भाजी आणि पेरूची फोड. दिवसभर अडवून ठेवलेला आग्रह आता चारी हातांनी वाहू लागला. शाल्मली पोटभर जेवली, मग तिने ताटावर हात आडवे धरले, आणि एवढ्याने न भागल्यामुळे ती ताट घेऊनच उठली. त्या रात्री ती लवकर झोपली.

सकाळी तिने दूध घेतले, थालीपीठ खाल्ले आणि ती दाराशी गेली. घारपुरेकाका तिथे तोंड घट्ट मिटून उभे होते. अण्णांनी त्यांना एकच विनंती केली होती, ती म्हणजे न बोलण्याची. त्यामुळे त्यांचा चेहरा इतका लाल झाला होता की दोन दिवे आहेत की काय असे वाटावे.

पोशाख बंद झाला. शाल्मलीच्या छातीत धडधड सुरू झाली. दिवा हिरव्याचा पिवळा झाला.

पण या खेपेस तिला माहीत होते की आत काय चालले आहे. कुणीतरी इमानाने वाढत होते, बस. त्याच्यावर रागवायचे कारण नव्हते. पोट भरलेले होते, झोप झालेली होती, वाघ कुठे नव्हता. तिने सावकाश श्वास घेतला आणि त्याहून सावकाश सोडला. असा लांब श्वास सोडणे म्हणजे शरीराला कळवणे, की इथे सगळे ठीक आहे. एकदा. पुन्हा एकदा. घारपुरेकाकांनी डोळे मिटून घेतले.

दिवा हिरवा झाला. दार उघडले.

ती बाहेर गेली. करड्या धुळीत तिचे पाऊल उमटले, मग दुसरे, मग तिने घेतलेल्या उडीत ती इतका वेळ हवेत, म्हणजे हवा नसलेल्या जागेत, राहिली की अण्णांना खाली कधी येते असे झाले. दिवा पुन्हा पिवळा झाला. घारपुरेकाका तिला परत बोलावायच्या बटणाकडे धावले. अण्णांनी त्यांचा हात धरला.

"असू द्या. आनंद झाला तरी ती वाढते."

थोड्या वेळाने दिवा आपोआप हिरवा झाला.

"अण्णा," शाल्मलीचा आवाज यंत्रातून आला, "तुम्ही एवढी वर्षं इथे आहात. बाहेर आल्यावर पहिल्यांदा तुम्हाला कसं वाटलं होतं?"

 अण्णांनी कबूल केले की ते कधी बाहेर गेलेच नाहीत. परीक्षेला नाव द्यायचे दरवर्षी ठरत असे, आणि दरवर्षी छातीत धडधडत असे. ही धडधड कशामुळे होते ते त्यांना उत्तम माहीत होते. पण माहीत असणे आणि दाराशी जाऊन उभे राहणे यांत अंतर असते.



"आज नाश्ता केलात?" शाल्मलीने विचारले.

केला नव्हता. नातीच्या परीक्षेच्या काळजीत राहून गेला होता.

"मग आधी खाऊन घ्या. मी थांबते."

अण्णा काचेपलीकडच्या हिरव्या ठिपक्याकडे पाहत उभे राहिले. मग ते घारपुऱ्यांकडे वळले आणि माफ करा म्हणून, अगदी हळू आवाजात, आपल्या मापाचा पोशाख आहे का ते विचारू लागले.